भातेवाल्याचा कॉम्प्युटर

२ तारीख, सोमवार

नाही, मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. कळायचं कारणही नाही. चाळीस वर्षं चर्चच्या ऑर्गनचा भाता मारला, तो काय पुस्तकात बघून मारला? वारा कमी पडला की पायाला कळतं, जास्त झाला की कानाला कळतं. मग हा डबा कोण मोठा लागून गेला!

ही भात्याचीच वही आहे. उपासना संपली की दोन ओळी लिहायच्या, असा चर्चचा नियम होता. वारा कसा होता, गळती कुठे, चामड्याला ठिगळ किती. मग छत गळायला लागलं, नळ्या उतरवून नेल्या, आणि तिथे आता प्लगवाला बाजा ठेवलाय. वही अर्धी कोरी राहिली. कोरा कागद फुकट घालवणं मला जमत नाही, म्हणून लिहितोय. दुसरं कारण शोधू नये.

ऑर्गन ही वाजवायची. एकतीस वर्षं. चौदा महिन्यांपूर्वी वरच्या जिन्यावरून पडली, खुबा मोडला. धड चालायला लागली तोवर ऑर्गनच गेला. त्यानंतर तिने पट्टीला हात लावला नाही. घरात बोलणंही कमी झालं. आधीही फार होतं असं नाही.

लेकीने यावर उपाय काढला. बंद पडलेल्या एका संगीतशाळेतलं धूड आणून बाहेरच्या खोलीत टाकलं. वर पट्ट्यांच्या दोन रांगा, खाली पायाने दाबायच्या लाकडी पट्ट्या, बाजूला खुंट्या, बसायला बाक. दिसायला ऑर्गन, पण आत नळी एक नाही. मुका. जावई म्हणतो याला कॉम्प्युटर जोडायचा. कुठल्यातरी मोठ्या ऑर्गनची एकेक नळी वाजवून त्यात भरून ठेवलीय म्हणे. इकडे पट्टी दाबली की तिकडे ती नळी बोलते.

हिने महिनाभर त्या धुडावर धुतलेल्या चादरी रचल्या. आज सकाळी चादरी घडी करता करता म्हणाली, "अहो, महिनाअखेरपर्यंत हे वाजलं तर ठीक. नाहीतर शाळेतले गाण्याचे मास्तर न्यायला तयार आहेत. मग पुन्हा मला वाजव म्हणू नका. कधीच."

ही एकदा बोलली की बोलली. साखर सोडते म्हणाली त्याला एकोणीस वर्षं झाली.

४ तारीख, बुधवार

जावयाने त्याचा जुना लॅपटॉप पाठवला. सगळं भरायला पाऊण तास. तेवढ्यात मी दोन बादल्या कपडे वाळत घातले.

ही येऊन बाकावर बसली. वाकून बूट घातले, तेच जुने, पातळ तळाचे. मग टाचेने बाकाच्या पायावर दोनदा ठोकलं. ठक ठक.

ती जुनी सवय. चर्चमध्ये भात्याची खोली ऑर्गनच्या मागे, मधे लाकडी भिंत. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. दोन ठोके म्हणजे वारा द्या. मी भाता भरायचा आणि भिंतीवर एक ठोका द्यायचा, म्हणजे वारा भरला, वाजवा. त्याच्या आधी ती पट्टीला बोट लावायची नाही. पहिल्या वर्षी एकदा घाई केली होती. अर्ध्या वाऱ्यावर ऑर्गन म्हशीसारखा हंबरला आणि अख्खं चर्च हसलं. तेव्हापासून कधी नाही. पहिले आठ महिने तर मला हिची फक्त टाच माहीत होती. तोंड नंतर पाहिलं. असो.

आज ठोकून जरा थांबली, मग पट्टी दाबली. आवाज आला तो बोट उचलल्यावर. तोही चिरफाळलेला. दोन खुंट्या ओढल्या तर नुसती खरखर.

"दूध उतू जाईल," म्हणाली आणि आत गेली. दूध संपून दोन तास झाले होते.

जावयाला फोन लावला.

"बाबा, आठ जीबीत नाही भागायचं. मेमरी जास्त लागते."

"मेमरी म्हणजे?"

"म्हणजे... एका वेळी किती आवाज धरून ठेवता येतील ती जागा."

"मग सरळ भाता म्हणा ना, जावईबापू."

तो हसला. "यात भात्याचं काही काम नाही हो बाबा. तुम्ही आता आराम करा."

आराम करून गुडघे कमी दुखतात असं कुणी सांगितलं याला?

वारा नाही.

५ तारीख, गुरुवार

चौकापलीकडे एक कॉम्प्युटरवाली आहे. पन्नाशीची, चष्मा कपाळावर, दातात स्क्रू धरून बोलते. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे उघडे डबे, आतडी बाहेर.

"काका, गेम खेळणार का कामाला पाहिजे?"

"माझं वय बघा."

"हल्ली आजोबाच जास्त खेळतात. कालच एक येऊन गेले, ऐंशीचे. रणगाडे चालवतात."

मी म्हटलं, मला ऑर्गन वाजवायचाय. माझा नाही, बायकोचा. एकदम पन्नास नळ्या उघडल्या तरी वारा संपता कामा नये. तिने दातातला स्क्रू काढला.

"म्हणजे पंगत पन्नासांची आणि ताटं आठ, असं झालंय तुमचं."

"आत्ता कशी बोललात!"

"मग चौसष्ट घ्या. कमीत पडू नका, पुन्हा याल."

कोपऱ्यातून एक काळा डबा ओढला. कुठल्यातरी ऑफिसातून आलेला, कपाटाच्या खणाएवढा. दणकट. "फक्त याचा पंखा बोलतो," म्हणाली. "काम वाढलं की जास्त बोलतो. महिनाभर वापरून बघा. नाही पटला तर बदलून देईन, पण ओरखडा नको."

या बाईला फालतू बोलायची सवय नाही. जावयाने नऊ प्रश्न लिहून पाठवले होते, ते मी खिशातून काढलेच नाहीत.

९ तारीख, सोमवार

काळा डबा जोडला. जावई फोनवरून सांगत होता, मी वायरी खुपसत होतो. तासाभरात तो "डावीकडची" म्हणून चारदा ओरडला. त्याची डावी की माझी, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

पण आवाज आला. मी एक बोट ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत नळी बोलली. खरी नळी. आधी वाऱ्याची फुंकर, मग सूर. हात काढला तरी सूर छताशी जरा रेंगाळतो. मी खुर्चीवर बसलो. वायरी खुपसून दमलो होतो.

हिला हाक मारली. बूट घातले. ठक ठक. मी कॉम्प्युटरसमोर होतो, चष्मा लावून पडद्यावरचे आकडे बघत. ही थांबून राहिली. मला वाटलं अंदाज घेतेय. बराच वेळ थांबली. मग तीन सूर वाजवले आणि हात मांडीवर घेतले.

"काय झालं?"

"काही नाही. चुकल्यासारखं वाटतंय."

"कुठे चुकतंय? आवाज तर चोख आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं, असं समजा."

आता घोडं कुठे पेंड खातंय ते माझ्या लक्षात आलं. पंखा! डबा मांजरासारखा घुरघुरतो, खुंट्या ओढल्या की दम्याच्या माणसासारखा. एकतीस वर्षं वाजवलेल्या बाईला असल्या घरघरीत सुचणार कसं? मी म्हटलं, थांब, याचं तोंड बंद करतो.

आणि म्हटलं, "ते टाच ठोकायचं पण सोड आता. इथे कोण आहे ऐकायला?"

ही माझ्याकडे बघत राहिली. "कोणी नाही," म्हणाली. बुटांच्या नाड्या सोडल्या.

११ तारीख, बुधवार

डब्याला गोधडी गुंडाळली. आवाज कमी झाला. वीस मिनिटांनी डबा बंदच पडला, हात लावला तर तवा. कॉम्प्युटरवाली फोनवर तडकली: "काका, नाक दाबलंत की हो त्याचं! मरेल तो!"

गोधडी काढली. गुडघ्याला लावली.

१६ तारीख, सोमवार

दुकानात जाऊन बिनआवाजाचा मागितला. तसले मिळतात. पंखाच नसतो, लोखंडी ठोकळा, वर कंगव्यासारखे दाते. बाई म्हणाली मागवावा लागेल, चार दिवस. काळा डबा परत घेतला. ओरखडा शोधला, नव्हता.

लेकीचा फोन.

"आई काय म्हणते?"

"आई काही म्हणत नाही."

"बाबा, ती वाजवायला बसते तेव्हा तुम्ही तिच्याजवळ असता ना?"

"कॉम्प्युटरजवळ असतो. कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

"तिच्याजवळ बसा की जरा."

"बसून करू काय? मला वाजवता येत नाही. आणि कुणी तोंडाकडे बघत बसलं की तिला राग येतो."

"कमाल आहे तुमची," म्हणाली आणि फोन ठेवला. आजकालच्या पोरांना सगळ्या दुखण्यावर जवळ बसणं हेच एक औषध माहीत आहे. मी हिच्याजवळ कधी बसलो? भिंतीमागे उभा होतो. तेही पायांवर.

२० तारीख, शुक्रवार

ठोकळा आला. जोडला. या वेळी जावयाची मदत घेतली नाही, म्हणून अर्ध्या वेळात झालं.

खरंच आवाज नाही. चालू आहे की बंद ते दिव्यावरून कळतं. मी हिला म्हटलं, आता बघ, डास उडाला तरी ऐकू येईल.

ही बसली. बूट घातले. टाच उचलली. तशीच धरली. मग हळूच खाली ठेवली, ठोकलं नाही. माझं ऐकलं म्हणायचं. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, शेजारचा नळ ऐकू येत होता. मी दारात उभा, म्हटलं, वाजव की.

एक पट्टी दाबली. सूर असा स्वच्छ आला की काचेला तडा जावा. हिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"फार शांत आहे हो."

"अगं त्यासाठीच तर आणला!"

"हो. तुम्ही खूप खटपट केलीत." उठली. जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर बघतो तर धुडावर पुन्हा चादरी.

खटपट केलीत म्हणे. हे बोलणं पाहुण्याशी करतात.

वारा नाही.

२३ तारीख, सोमवार

चादरी काढून मीच ठोकळ्याची परीक्षा घेतली. सगळ्या खुंट्या ओढल्या आणि पट्ट्यांवर फूटपट्टी आडवी ठेवून वर पितळी अडकित्त्याएवढा पाना ठेवला. सात मिनिटं गर्जना. खालचे लोक बाहेर आले. आठव्या मिनिटाला ठोकळा तापला आणि सूर तुटायला लागले.

दुकानात गेलो. बाईने ऐकून घेतलं.

"काका, पंखा नाही म्हणजे दम कमी. दणकट पाहिजे तर बोलणार. गप्प पाहिजे तर लवकर थकणार. दोन्ही गुण एका डब्यात नाही मिळत."

"कुठल्याच डब्यात?"

"माझ्या नवऱ्यातही नाही मिळाले, डब्याचं काय घेऊन बसलात."

काळा डबा अजून तिथेच होता. कुणी नेला नव्हता. मी म्हटलं तोच द्या परत. तिने वरची धूळ पुसली आणि म्हणाली, "लांब ठेवा ना. वायर लांब घ्या, भिंतीपलीकडे ठेवा. आवाज तिकडे, बाई इकडे."

एवढं मला सुचू नये! डोक्याला पण ठिगळ मारायची वेळ आली.

२५ तारीख, बुधवार

बाहेरच्या खोलीला लागून कोठी आहे. मधे फळ्यांची भिंत, बरोबर धुडाच्या पाठीमागे. कोठीत जुनी ट्रंक, शिडी, रंगाचे डबे, आणि भात्याचं उरलेलं चामडं, गुंडाळी करून. ते टाकून द्यायचं राहिलंय.

ट्रंक हलवायला अर्धा दिवस गेला. पूर्वी असली ट्रंक मी एका हाताने उचलायचो, असं म्हणणार होतो, पण खरं म्हणजे दोन्हीनेच उचलायचो.

आतून हिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "हो मास्तर. एक तारखेला सकाळीच या. चार माणसं आणा, जड आहे." मग जरा थांबून, "नाही, यांना वाईट वाटणार नाही. ते कॉम्प्युटरमध्ये आहेत."

मी भोक पाडायला घेतलं. जरा वाकडं पडलं.

२७ तारीख, शुक्रवार

वायरी ओवल्या. डबा कोठीत, धूड बाहेर. एकच अडचण: पडदा पण कोठीतच ठेवावा लागला, वायर पुरली नाही. म्हणजे ही वाजवणार तेव्हा कुणीतरी कोठीत बसून आकडे बघायला पाहिजेत. डबा फार तापला तर बंद करायला. तो कुणीतरी कोण, हे सांगायला नको.

जावई म्हणाला, "बाबा, लांब वायर मिळते, दोन दिवसांत पाठवतो."

म्हटलं दोन दिवसांत महिना संपतो.

हिला सांगितलं, रविवारी एकदा बसून बघ. शेवटचं. "बरं," म्हणाली. नको म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

२९ तारीख, रविवार

सकाळी दहाला. चर्चची वेळ तीच होती, पण मी ती मुद्दाम धरली नाही. डबा गरम व्हायला वेळ लागतो, भरायला वेळ लागतो, दहा वाजलेच.

कोठीत बसायला जागा नाही. बादली उपडी घातली, पण गुडघा वाकेना, म्हणून उभाच राहिलो. अंधारलेलं, चामड्याचा वास, समोर फळ्या. पंखा घुरघुरत होता. मी आकडे बघत होतो. बाहेर बाक सरकल्याचं ऐकलं. मग काहीच नाही. बराच वेळ काही नाही. मला वाटलं उठली.

ठक ठक.

मी आकड्यांकडेच बघत होतो, हे लिहून ठेवतो. विचार वगैरे काही केला नाही. हात आपला वर गेला आणि बोटाच्या गाठीने फळीवर एक ठोका दिला. दिल्यावर कळलं की दिला. म्हटलं, झालं, आता हसेल.

पलीकडे अगदी चिडीचूप. पंखासुद्धा दबला असं वाटलं.

मग सुरू झालं.

चर्चमध्ये लोक येऊन बसेपर्यंत वाजवायची ते. आधी हळू, एका हाताने, मग दुसरा. मग पाय. मग एकेक खुंटी ओढत गेली आणि तसतसा काळा डबा फुगत गेला, पंखा चढला, मी ओरडलो, "ओढ, ओढ, आहे वारा!" कॉम्प्युटरला वारा नसतो हे मला माहीत आहे. माझे पाय जागच्या जागी हलत होते, डावा, उजवा, डावा, उजवा. गुडघा दुखत होता का ते बघायचं राहून गेलं.

पाऊण तास. सहा जागी चुकली. पूर्वी दोनच जागी चुकायची.

शेवटचा सूर संपला आणि एक ठोका आला. एक म्हणजे सोडा, बसा. मी भिंतीला टेकलो.

बाहेर यायला जरा वेळ लावला. पाय बधिर झाला होता.

३० तारीख, सोमवार

मास्तरांना येऊ नका म्हणून हिनेच कळवलं. चादरी कपाटात गेल्या.

जावयाचा फोन. कुठला कॉम्प्युटर शेवटी चालला ते त्याला पाहिजे होतं, असलेच ऑर्गन जोडणाऱ्या आणखी लोकांना सांगायला. सांगितलं, चौसष्टची मेमरी, जुना, पंखा बोलणारा, फळीच्या भिंतीमागे ठेवायचा.

"भिंतीमागे कशाला पण? लांब वायर निघालीय, उद्या मिळेल. पडदा बाहेर घ्या. आणि पंखा हळू करायची युक्ती पण सापडलीय मला."

"नको."

"अहो बाबा, म्हणजे तुम्हाला कोठीत उभं राहायला नको."

"नको म्हटलं ना, जावईबापू. डबा भरवशाचा नाही. लक्ष ठेवावं लागतं."

मागून ही ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "उद्या किती वाजता?"

"मला काय विचारतेस? यंत्र आहे, कधीही लाव."

"यंत्राला नाही विचारत."

"दहाला," म्हटलं.

संध्याकाळी कोठीत पाहिलं तर बादलीच्या जागी हिची स्वयंपाकघरातली उंच तिवई, वर उशी.

आता चर्चच्या नियमाप्रमाणे कालचं लिहायचं राहिलं ते लिहितो. वारा भरपूर. गळती एका ठिकाणी, थोडी, कोठीत. चामड्याची नाही. यापुढे कुणी विचारू नये, मी सांगणार नाही.